वाचलेल्यांच्या गोष्टी



मागच्या लेखात आपण नमुना, म्हणजे सॅम्पल, कसा निवडायचा ते पाहिलं. आज त्याचाच पुढचा भाग, पण तक्ते आणि आलेख बाजूला ठेवून चार कादंबऱ्यांच्या मदतीनं. 'पेटच्या अभ्यासात कादंबऱ्या कुठून आल्या?' असं काही जण म्हणतील. थोडा धीर धरा, शेवटी आपण पुन्हा संशोधनावरच येणार आहोत.

आधी एक प्रसंग सांगते. यंदा आमच्या विभागात नव्या संशोधक विद्यार्थ्यांचं स्वागत होतं. मी पाचव्या वर्षाला आहे, म्हणून मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं. विषय होता 'पीएच.डी.त टिकायचं कसं?' मी उत्साहानं सांगितलं: रोजच्या रोज वही लिहा, वाचलेल्या पेपरच्या नोंदी ठेवा, अडलं की लपवू नका, गाईडशी मोकळेपणानं बोला. टाळ्या वगैरे झाल्या. जागेवर येऊन बसले आणि एकदम आठवलं, माझ्याच आठवड्यात रुजू झालेली माझी मैत्रीण हे सगळं करत होती. तिची वही तर माझ्यापेक्षा नीट असायची. तिसऱ्या वर्षी ती सोडून गेली. तिला या कार्यक्रमाला कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावणारही नव्हतं.

त्याच सुमारास मी अमेरिकन हायस्कूलमधल्या चौकटीत न बसणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या ओळीनं वाचत होते. तिकडे हायस्कूल म्हणजे साधारण नववी ते बारावी. या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांना 'यंग ॲडल्ट' म्हणतात आणि त्यात 'शाळेत एकटं पडलेलं मूल' हा जवळजवळ स्वतंत्र प्रकारच आहे. अशा पुस्तकांची परीक्षणं बहुतेक वेळा एकाच सुरात संपतात: हे पुस्तक मुलांना कठीण काळातून तरून जायचं बळ देतं. माझा प्रश्न तिथंच सुरू होतो. तरून जाण्याची ही गोष्ट आपल्याला सांगतंय कोण?

टॅग म्हणजे काय

माझं काम जंगलातल्या रोपांवर आहे. पावसाळ्यानंतर ठरलेल्या चौकोनात उगवलेलं प्रत्येक रोप मोजायचं, त्याच्याजवळ क्रमांकाचा टॅग लावायचा आणि उन्हाळ्यात पुन्हा जाऊन पाहायचं. बरीच रोपं तोवर गेलेली असतात. मी फक्त मे महिन्यात गेले आणि जिवंत रोपांचंच निरीक्षण केलं, तर म्हणेन, 'यांची पानं जाड आहेत, म्हणून ही जगली.' पण मेलेल्या रोपांचीही पानं जाड होती का? हे कळायला टॅग लागतो. रोप गेलं तरी टॅग जागेवर राहतो. इथं कुणीतरी होतं, एवढं तो सांगतो.

संख्याशास्त्रात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. अब्राहम वाल्ड यांचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात त्यांनी लढाऊ विमानांवर काम केलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा सांगितला जातो: परत आलेल्या विमानांवर जिथं गोळ्यांची भोकं दिसतात तिथं नव्हे, तर जिथं दिसत नाहीत तिथं पत्रा जाड करा. कारण तिथं गोळी लागलेली विमानं परत आलीच नाहीत. (हेच वाल्ड १९५० मध्ये दक्षिण भारतात विमान अपघातात गेले.)

मराठीत हे सांगणं आणखी सोपं आहे. आपल्याकडे 'वाचणं' पुस्तकालाही चालतं आणि जिवालाही. 'मी' म्हणून सांगितलेल्या गोष्टीत सांगणारा बहुधा वाचलेला असतो, म्हणून तर तो सांगतोय. म्हणजे आपण वाचतो ते वाचलेल्यांनाच. मग अशा कादंबरीकडे पाहताना विचारायला हवं, न वाचलेल्यांचे टॅग तिनं ठेवलेत का?

पोनीबॉय आणि जॉनी

एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' १९६७ मध्ये आली तेव्हा लेखिका अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात, स्वतः हायस्कूलमध्ये असतानाच त्यांनी ती लिहिली. गावात मुलांचे दोन गट आहेत: गरीब वस्तीतले 'ग्रीझर' आणि पैसेवाल्यांचे 'सोश'. १४ वर्षांचा पोनीबॉय कर्टिस ग्रीझर आहे. आईवडील अपघातात गेलेले, दोन मोठे भाऊ घर चालवतात. त्याचा मित्र जॉनी घरी रोज मार खातो. एका रात्री सोश मुलं पोनीबॉयला कारंज्याच्या पाण्यात बुडवत असतात तेव्हा जॉनीच्या हातून त्यातल्या एकाचा खून होतो. दोघं एका पडक्या चर्चमध्ये लपतात. पुढं त्या चर्चला आग लागते, आत अडकलेल्या लहान मुलांना वाचवताना जॉनी भाजतो आणि नंतर मरतो. त्या धक्क्यानं सैरभैर झालेला डॅली पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडतो.

पोनीबॉय वाचतो. का वाचतो, याचं नेहमीचं उत्तर असतं: तो संवेदनशील आहे, पुस्तकं वाचतो, सूर्यास्त बघतो, लिहितो. इथं आपली पद्धत लावून बघा. जी मुलं वाचली नाहीत त्यांच्यात हे गुण नव्हते का? जॉनीकडे पाहा. चर्चमध्ये लपलेले असताना कादंबरी मोठ्यानं वाचणारा पोनीबॉय आहे, पण ती मन लावून ऐकणारा आणि त्यातल्या माणसांबद्दल स्वतःचं मत बनवणारा जॉनी आहे. पहाटेचं आभाळ दोघंही बघतात. रॉबर्ट फ्रॉस्टच्या ज्या कवितेभोवती पुस्तक फिरतं, तिचा अर्थ शेवटी पत्रातून उलगडतो तो जॉनीच. म्हणजे संवेदनशीलता दोन्ही बाजूंना आहे. वाचलेल्यातही आणि गेलेल्यातही. मग फरक कशात?

फरक अगदी साधा आहे. पोनीबॉयला रात्री परतायला घर आहे. भाऊ रागावतो, पण वाट बघतो. आणि नापास व्हायला आलेल्या या मुलाला इंग्रजीचे शिक्षक निबंध लिहायला सांगतात. चांगला झाला तर निभावून नेईन म्हणतात. तो निबंध म्हणजेच ही कादंबरी. पहिलं वाक्य शेवटी पुन्हा येतं तेव्हा आपल्याला ते कळतं. जॉनीला घर नाही आणि असा निबंध कुणी सांगितलेला नाही.

हिंटनचं मोठेपण मला इथं वाटतं. त्यांनी गोष्ट वाचलेल्याकडूनच सांगवली, पण जॉनीचा टॅग उपटून फेकला नाही. त्याचं पत्र पुस्तकात आहे आणि पोनीबॉय लिहायला बसतो तो जॉनीसारख्या मुलांची बाजू कुणीतरी सांगायला हवी म्हणूनच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे सुचलं, हे मला अजूनही चकित करतं. काही प्रसंग नाट्यमय आहेत, रडारड जास्त आहे, हेही खरं. पण हिशेब चोख आहे.

मायकेलचं काय झालं?

याउलट स्टीफन चबॉस्कींची 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' (१९९९). पिट्सबर्गजवळचा चार्ली १९९१ च्या ऑगस्टपासून एका अनोळखी 'मित्रा'ला पत्रं लिहितो. हायस्कूलचं पहिलं वर्ष सुरू होणार आहे आणि तो धास्तावलेला आहे. पहिल्याच पत्रात कळतं की त्याचा मित्र मायकेल यानं काही महिन्यांपूर्वी आयुष्य संपवलंय आणि तसं का केलं हे चार्लीला कळत नाहीये.

सुरुवात जबरदस्त आहे. पण पुढं चार्लीला नवे मित्र मिळतात, पुस्तकं देणारे बिल नावाचे शिक्षक मिळतात, गाणी, पार्ट्या, प्रेम, आणि त्याच्या स्वतःच्या दुखण्याचं मूळ. मायकेल मात्र हळूहळू मागे पडतो. चार्लीचं दुखणं खरं आहे आणि लेखकानं ते हळुवारपणे हाताळलंय, यात शंका नाही. तरी मिटल्यावर मला वाटत राहिलं की पहिल्या पानावर लावलेला टॅग नंतर कुणी शोधायला गेलं नाही. मायकेलला बिलसारखे शिक्षक भेटले नव्हते का? की भेटूनही उपयोग झाला नाही? हे दोन अगदी वेगळे निष्कर्ष आहेत आणि कादंबरी कुठलाच काढू देत नाही.

भिंतीवरच्या नोंदी

त्याच वर्षी लॉरी हॅल्स अँडरसन यांची 'स्पीक' आली. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमधली मेलिंडा नववीत येते तेव्हा तिच्याशी कुणी बोलत नाही. सुट्टीतल्या एका पार्टीत तिनं पोलिसांना फोन केला होता, हा राग सगळ्यांच्या मनात आहे. फोन का केला ते कुणी विचारत नाही: त्या रात्री अँडी इव्हान्स नावाच्या वरच्या वर्गातल्या मुलानं तिच्यावर बलात्कार केला होता. मेलिंडा बोलणंच बंद करते. सफाई कामगाराच्या वापरात नसलेल्या खोलीत लपते, ओठ चावत राहते, तिचे गुण घसरत जातात. अँडरसन यांनी २०१९ च्या 'शाउट' या पुस्तकात स्वतःवर वयाच्या तेराव्या वर्षी झालेल्या बलात्काराबद्दल लिहिलंय, म्हणजे हे दुरून लिहिलेलं नाही.

वनस्पतिशास्त्रवाल्यांना यातल्या दोन गोष्टी आवडतील. चित्रकलेचे शिक्षक प्रत्येकाला चिठ्ठी काढायला लावतात. जो शब्द येईल त्यावर वर्षभर काम करायचं. मेलिंडाला येतं 'झाड'. तिला वाटतं, सोप्पंय. मग वर्षभर तिचं झाड काही जमत नाही. ठसे, कोरीवकाम, सगळं फसतं. संशोधनाचा विषय मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात काय वाटतं आणि दुसऱ्या वर्षी काय वाटतं, याचं इतकं खरं वर्णन मी कुठल्या संशोधन-पद्धतीच्या पुस्तकात वाचलेलं नाही. दुसरी गोष्ट जीवशास्त्राच्या तासाची: सफरचंद कापताना मेलिंडाला आत फुटलेली बी दिसते. फळातच कोंब. असं प्रत्यक्षात होतं, आणि लेखिका त्यावर उपदेश न करता पुढं जाते.

पण माझ्या मते पुस्तकाचा खरा कणा वेगळाच आहे. मेलिंडा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर लिहिते की या मुलापासून लांब राहा, आणि खाली अँडीचं नाव. काही दिवसांनी एक मैत्रीण तिला तिथं घेऊन जाते. त्या नावाखाली वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या शाईत बऱ्याच मुलींनी लिहिलेलं असतं. मेलिंडा एकटी नव्हती. त्या बोलल्या नव्हत्या म्हणून मोजल्या गेल्या नव्हत्या.

ही भिंत म्हणजे टॅगच की! शाळेच्या कुठल्याही नोंदवहीत नसलेला डेटा इथं पहिल्यांदा दिसतो. आणि तो दिसायला कुणाचं धाडस लागत नाही, फक्त नाव न सांगता लिहिता येईल अशी जागा लागते.

म्हणूनच शेवट मला थोडा कमी वाटतो. अँडी पुन्हा हल्ला करतो, मेलिंडा फुटक्या आरशाचा तुकडा हातात घेऊन त्याला रोखते, ओरडते, बाहेरच्या मुली धावून येतात आणि शाळेचा सूर बदलतो. वाचताना सुटका वाटते, मलाही वाटली. मेलिंडाच्या वयाच्या वाचकाला दार उघडं दिसायला हवं, हेही पटतं. पण भिंतीनं जे सांगितलं, 'आम्ही बऱ्याच जणी आहोत', ते शेवटी पुन्हा एका मुलीच्या हिमतीवर येऊन थांबतं. भिंतीवर लिहिणाऱ्या बाकीच्यांचं काय झालं? त्यातल्या कुणाच्या मदतीला कुणीच आलं नसेल तर? पुस्तकाचं नावच 'बोल' असं आहे. मागे लागणारा प्रश्न हा, की बोलूनही न वाचलेल्या मुलीची कादंबरी कोण लिहिणार?

जेरी: जो बोलला

ती लिहिली गेली आहे, २५ वर्षं आधी. रॉबर्ट कॉर्मियर यांची 'द चॉकलेट वॉर' (१९७४). मुलांच्या एका कॅथलिक शाळेत निधीसाठी २०,००० खोके चॉकलेट विकायचंय, प्रत्येकानं ५०. जेरी रेनॉ 'नाही' म्हणतो. आधी शाळेतल्या 'व्हिजिल्स' या गुप्त टोळीच्या हुकमावरून, दहा दिवसांसाठी. मुदत संपल्यावरही तो नाहीच म्हणतो, यावेळी स्वतःच्या मनानं. म्हणजे मेलिंडाला जे जमत नाही ते जेरी पहिल्या काही आठवड्यांतच करतो. वर्गात सगळ्यांसमोर बोलतो. त्याचं फळ म्हणजे टोळी आणि प्रभारी ब्रदर लिऑन एकत्र येतात, त्याला एकटं पाडलं जातं, शेवटी सगळ्या शाळेसमोर मारून मोडलं जातं.

कॉर्मियर यांच्या मुलानं खरोखरच शाळेत चॉकलेट विकायला नकार दिला होता आणि प्रत्यक्षात त्याला काहीही त्रास झाला नाही. लेखकानं विचारलं, 'झाला असता तर?' काही प्रकाशकांनी शेवट बदलायला सांगितला, त्यांनी बदलला नाही.

अनेकांना हे पुस्तक निराशावादी वाटतं. मला ते प्रामाणिक वाटतं आणि त्याचं कारण कथनात आहे. ही गोष्ट 'मी'नं सांगितलेली नाही. कथन तृतीयपुरुषी आहे आणि एकेका प्रकरणात वेगवेगळ्या मुलांच्या डोक्यात शिरतं: छळणारा, छळ सोसणारा, बघत बसणारा, खोके गुपचूप विकून मोकळा होणारा. जेरीवर गोष्ट सांगायची जबाबदारी नाही, म्हणून त्याला मोडून पडायची मुभा आहे. पहिल्या तिन्ही पुस्तकांत ही मुभा मुख्य पात्राला नव्हती. उणीवही आहे: या पुस्तकातलं जग जवळपास पूर्ण मुलग्यांचं आहे, मुली दिसल्या तर कुणाच्या तरी नजरेतून, तेवढ्यापुरत्या. कॉर्मियरच्या नमुन्यातही एक मोठा गट गळालाय.

मग दोष पुस्तकाचा का?

नाही. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, मुलाखतीत विचारला जाण्यासारखा आहे. कादंबरी हे सर्वेक्षण नसतं. एका मेलिंडाची गोष्ट सांगताना सगळ्या मेलिंडांचं प्रतिनिधित्व करण्याचं बंधन तिच्यावर नाही. पोनीबॉय, चार्ली, मेलिंडा आपापल्या जागी खरे आहेत. चूक होते ती आपण निष्कर्ष काढताना. 'मेलिंडा बोलली आणि वाचली' हे निरीक्षण. 'बोललात तर वाचाल' हा निष्कर्ष. या दोन वाक्यांच्या मध्ये जेरी उभा आहे. आणि हा निष्कर्ष नुसता चुकीचा नाही, तो क्रूर आहे. कारण त्याची उलटी बाजू अशी होते: जो वाचला नाही, तो नीट बोलला नसेल.

म्हणून यापुढं यशाची कुठलीही गोष्ट ऐकाल, कादंबरीतली असो, टॉपरची मुलाखत असो किंवा माझ्यासारखीचं भाषण असो, तेव्हा तीन प्रश्न विचारा. गोष्ट सांगतंय कोण आणि त्याला सांगायला मिळालं कसं? सांगितलेला गुण न टिकलेल्यांतही होता का? आणि फरक गुणात नसेल, तर आजूबाजूच्या कशात होता: घर, शिक्षक, पैसे, भिंत?

घरचा अभ्यास म्हणून मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. आणीबाणीच्या काळातली नववी, आणि सांगणारा 'मी'च. बहुतेकांनी वाचलेली असेल. या तीन प्रश्नांसकट पुन्हा वाचा आणि टॅग शोधा.

आता माझ्या मैत्रिणीकडे येते. तिला विचारूनच लिहितेय. स्वागताच्या कार्यक्रमानंतर आठवडाभरानं तिला फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा, हे कबूल करायला लाज वाटते. माझ्या भाषणाबद्दल सांगितलं. वहीचा, नोंदींचा मुद्दा ऐकून ती हसली. 'गाईडशी मोकळेपणानं बोला' यावर मात्र थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, मी बोलले होते."

एवढंच. मला हे माहीत नव्हतं. शेजारच्या टेबलावर तीन वर्षं बसून माहीत नव्हतं. तिची फेलोशिप कितीतरी महिने अडकली होती आणि घरून पैसे येण्यासारखी परिस्थिती नव्हती. माझी फेलोशिपही अडकली होती, पण माझे बाबा दर महिन्याला पैसे पाठवत होते. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणात बाबांचा उल्लेख नव्हता.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलायला सांगितलं तर मी तिलाही बोलवा म्हणणार आहे. तिला विचारलं, येशील का? म्हणाली, "येईन की. पण प्रवासखर्च आधी द्यायला सांग, नंतर नको."